स्फटिकातील पाणी

देवापुढे ठेवावयाचा खडीसाखरेचा खडा आणि लोणावळ्याच्या चिक्कीचा तुकडा, या दोहोंत गोडी एकाच जातीची असते. परंतु एकाला धार, पैलू आणि कोन असतात. दुसऱ्यात दाण्यांना धरून ठेवणारा पाक काचेसारखा सलग आणि पारदर्शक असतो. खडीसाखर करणारा कारागीर पाकात दोरे सोडतो आणि तो संथपणे निवू देतो. साखरेच्या कणांना रांगेत बसावयास पुरेसा अवधी मिळतो आणि दोऱ्याभोवती स्फटिक धरू लागतात. चिक्की करणारा मात्र कढत पाक पसरट ताटात ओततो, पाक पाहता पाहता निवतो, आणि कण जेथे होते तेथेच, अस्ताव्यस्त, थिजून राहतात. पदार्थ तोच, त्याला मिळालेली सवड तेवढी वेगळी.

सवडीचा हा हिशेब बंगळूरच्या प्रयोगशाळांतून रोज मांडला जातो. तेथील पदार्थ मात्र साखरेहून नाजूक असतो. तो म्हणजे प्रथिनाचा स्फटिक.

प्रथिने ही सजीवांच्या शरीरातील कामकरी मंडळी होत. अन्न पचविणे, प्राणवायू वाहून नेणे, जखम भरून काढणे, रोगजंतूंशी झुंजणे ही सारी कामे तीच करतात. प्रत्येकाचे काम त्याच्या आकारावर अवलंबून असते, आणि तो आकार साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसत नाही. तो पाहण्याचा एक जुना आणि खात्रीचा मार्ग असा की, एकाच प्रथिनाचे असंख्य रेणू एका रांगेत बसवून त्यांचा स्फटिक करावयाचा आणि त्यावर क्ष-किरण सोडावयाचे. रेणूंच्या शिस्तबद्ध रांगांवरून किरण विखुरतात आणि ठिपक्यांची एक नक्षी उमटते. त्या नक्षीतून, बऱ्याच गणितानंतर, अणूंच्या जागा निश्चित करता येतात.

पण प्रथिनाचा स्फटिक हा मिठाच्या किंवा हिऱ्याच्या स्फटिकासारखा भरीव नसतो. प्रथिनाचे रेणू मोठे आणि वेडेवाकडे असल्यामुळे ते एकमेकांना काही ठिकाणीच टेकतात आणि मधल्या पोकळ्यांत पाणी भरून राहते. स्फटिकाच्या आकारमानाचा बहुधा चतुर्थांशाहून अधिक आणि कधी कधी दोनतृतीयांशाच्या जवळपास भाग हे पाणीच व्यापते. हा स्फटिक म्हणजे चिरेबंदी भिंत नव्हे. खोल्याखोल्यांतून पाणी खेळणारा तो एक वाडा आहे. पाणी काढून घेतले की वाडा ढासळतो.

ही गोष्ट प्रथम स्पष्ट झाली ती १९३४ साली केंब्रिजमध्ये. जे. डी. बर्नाल आणि डोरोथी क्रोफूट (पुढे हॉजकिन या नावाने विख्यात झालेल्या विदुषी) पेप्सिन या पाचक प्रथिनाच्या स्फटिकांवर प्रयोग करीत होते. ज्या द्रावणात स्फटिक वाढला त्यातून तो बाहेर काढून वाळू दिला की क्ष-किरणांची नक्षी नाहीशी होई. तोच स्फटिक त्याच्या द्रावणासह काचेच्या बारीक नळीत बंद करून ठेवला तेव्हा मात्र ठिपक्यांची सुरेख नक्षी उमटली. प्रथिनांच्या क्ष-किरण अभ्यासाचा आरंभ असा एका ओल्या स्फटिकापासून झाला. पुढे पुष्कळ वर्षे जगभरच्या प्रयोगशाळांत काचेच्या नळीत ओलावा राखूनच प्रयोग चालत असत.

ही विद्या भारतात रुजली ती मुख्यतः बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत. जमशेटजी टाटांच्या संकल्पातून १९०९ साली स्थापन झालेली ही संस्था आजही गावात ‘टाटा इन्स्टिट्यूट’ या नावानेच ओळखली जाते. १९३३ साली चंद्रशेखर वेंकट रामन तिचे संचालक झाले. त्यांचे शिष्य जी. एन. रामचंद्रन यांनी मद्रासला असताना कोलॅजेन या प्रथिनाचा तिपेडी आकार सुचविला आणि प्रथिनाची साखळी कोठे वळू शकते आणि कोठे नाही याचा नकाशा १९६३ साली मांडला. तो नकाशा आज जगातील प्रत्येक विद्यार्थी त्यांच्याच नावाने ओळखतो. पुढे रामचंद्रन बंगळूरला आले आणि त्यांनी विज्ञान संस्थेत रेणवीय जीवभौतिकीचा स्वतंत्र विभाग उभा केला.

१९७१ साली या विभागात एक तरुण संशोधक दाखल झाले. केरळात जन्मलेले एम. विजयन बंगळूरलाच पदवी घेऊन ऑक्सफर्डला हॉजकिनबाईंकडे गेले होते आणि १९६९ साली ज्या गटाने इन्शुलिनची रचना उलगडली त्या गटात त्यांनी काम केले होते. परंतु ऑक्सफर्डहून आणलेली विद्या आणि बंगळूरची साधनसामग्री यांत मोठे अंतर होते. प्रथिनांच्या कामाला लागणारी यंत्रे येथे नव्हती. तेव्हा विजयन यांनी लहान रेणूंच्या रचना सोडविण्यात आणि विद्यार्थी घडविण्यात एक तप घालविले. १९८३ साली केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने भरीव साहाय्य दिले आणि मोठ्या प्रथिनांचे काम खऱ्या अर्थाने सुरू झाले.

निवडलेले प्रथिन आपल्याच मातीतले होते. भुईमुगाच्या दाण्यात शर्करेला नेमके ओळखून चिकटणारे एक प्रथिन असते. त्या जातीच्या प्रथिनांना लेक्टिन म्हणतात. चार समान घटकांचे हे प्रथिन अपेक्षित समतोलाला न जुमानता काहीशा आडव्यातिडव्या बांधणीचे निघाले. हा निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाला आणि संपूर्णपणे भारतात उलगडलेल्या प्रथिनरचनांचे पर्व सुरू झाले. त्या निबंधाच्या लेखकांत नागपूर विद्यापीठातून पदार्थविज्ञान शिकून बंगळूरला आलेले शेखर मांडे हे होते. तेच पुढे पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचे संचालक आणि त्यानंतर वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक झाले. चिक्कीतील दाणा आणि चिक्कीचा पाक, दोघांनीही विज्ञानाला काही शिकवावे, हा योगायोग मनोरंजक खरा.

याच काळात विजयन यांच्या विद्यार्थ्यांनी एक निराळा प्रश्न हाती घेतला. स्फटिकातील पाणी सर्वच काढून न घेता थोडे थोडे कमी केले तर काय होईल? बेळगावकडचे दिनकर साळुंके हे या कामातील एक अग्रणी होत. युक्ती साधी होती. काचेच्या नळीत एका बाजूला कोंबडीच्या अंड्यातील लायसोझाइम या प्रथिनाचा स्फटिक ठेवावयाचा आणि काही अंतरावर निवडक क्षारांचे द्रावण ठेवावयाचे. द्रावण जसे बदलेल तशी नळीतील हवेची आर्द्रता बदलते. आर्द्रता सुमारे ९० टक्क्यांपर्यंत उतरली की स्फटिकातून पाणी निसटते, रेणू आपल्या जागा थोड्या बदलतात आणि स्फटिक एका नव्या, परंतु तितक्याच शिस्तबद्ध रूपात स्थिर होतो. १९८५ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पुढे असेही दिसून आले की, पाणी कमी होताना प्रथिनाचे जे भाग हलतात ते त्याच्या नित्याच्या कामाच्या वेळी हलणाऱ्या भागांशी बरेच जुळतात. पाणी हे प्रथिनाचे नुसते वस्त्र नसून त्याच्या हालचालीतील भागीदार आहे, हा बंगळूरचा धडा होता. पुढील कथेत त्याचे महत्त्व पुन्हा येईल.

काचेच्या नळीतील स्फटिकाला आणखी एक शत्रू होता आणि तो म्हणजे खुद्द क्ष-किरण. ज्या प्रकाशाने प्रथिन पाहावयाचे तोच प्रकाश त्याला जाळतो. किरण पाण्यात आणि प्रथिनात रासायनिक तुकडे निर्माण करतात, ते तुकडे स्फटिकभर भटकतात आणि भेटेल त्या बंधाला इजा करतात. नक्षी हळूहळू पुसट होत जाते. पूर्वी एका रचनेसाठी अनेक स्फटिक खर्ची पडत. नंतर सिंक्रोट्रॉन या प्रचंड वर्तुळाकार यंत्रांतून अतिशय प्रखर क्ष-किरण मिळू लागले आणि स्फटिकाचे आयुष्य आणखीच आखूड झाले.

यावर उपाय थंडीचा. स्फटिकाचे तापमान शून्याखाली सुमारे १७३ अंशांपर्यंत उतरविले की ते भटके तुकडे जागच्या जागी जखडले जातात आणि स्फटिक अनेक दशपटींनी अधिक काळ टिकतो. परंतु येथेच खरी अडचण उभी राहते. पाणी गोठते तेव्हा ते सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते. बर्फाच्या खणात चुकून राहिलेली पालेभाजी बाहेर काढल्यावर कशी लिबलिबीत होते हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते; बर्फाच्या सुयांनी तिच्या पेशींच्या भिंती फोडलेल्या असतात. प्रथिनाच्या स्फटिकाचेही तेच होते. खोल्यांतील पाण्याचा बर्फ झाला की वाडा आतून फुटतो.

तेव्हा पाणी थंड तर करावयाचे, पण त्याचा बर्फ होऊ द्यावयाचा नाही. हे कोडे चिक्कीच्या पाकाने सुटते. पाण्याच्या रेणूंना रांग धरण्याची सवडच न देता ते इतक्या त्वरेने थंड करावयाचे की ते अस्ताव्यस्त अवस्थेतच थिजावेत, त्यांची काच व्हावी. निव्वळ पाण्याच्या बाबतीत हे साधण्यास सेकंदाला लाखो अंशांचा वेग हवा. परंतु त्यात ग्लिसरॉलसारखा दाट, पाकासारखा द्रव मिसळला की रेणूंची हालचाल मंदावते आणि पुष्कळच कमी वेगातही काच साधते.

या मार्गावर पहिली पावले १९७० साली अमेरिकेत हास आणि रॉसमन यांनी टाकली. एका प्रथिनाचे स्फटिक त्यांनी शून्याखाली ७५ अंशांवर अभ्यासले. १९८८ साली हाकोन होप यांनी स्फटिकाला तेलाचे पातळ लेपन देऊन तो एकदम थंड करण्याची सर्वसाधारण पद्धती मांडली. इस्रायलच्या आदा योनाथ रायबोसोमच्या अतिनाजूक स्फटिकांशी झगडत होत्या. होप यांच्या सहकार्याने त्यांनी ही पद्धती तेथे लावली आणि दुसऱ्या कोणत्याही उपायाने न टिकणारे स्फटिक किरणांपुढे टिकू लागले. त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात तमिळनाडूत जन्मलेले वेंकटरामन रामकृष्णन आणि थॉमस स्टाइट्झ हे सहभागी होते. १९९० साली टेंग यांनी तारेच्या लहानशा फाशात द्रवाच्या पातळ पापुद्र्यासह स्फटिक उचलण्याची युक्ती काढली आणि काचेची नळी मागे पडली. आता बंगळूरसह जगातील बहुतेक प्रयोगशाळांत तंतूचा तो इवलासा फासाच वापरात आहे.

प्रयोगशाळेतील प्रत्यक्ष क्रिया पाहणाऱ्याला अगदी थोडक्यात आटोपते. विद्यार्थी सूक्ष्मदर्शकाखाली मिलिमीटरच्या एकदोन दशांशाएवढा स्फटिक फाशात टिपतो आणि ग्लिसरॉल मिसळलेल्या द्रावणात क्षणभर बुडवितो. शेजारी द्रवरूप नत्रवायूचे भांडे असते. त्यातून पांढरी वाफ ओसंडत असते. नत्रवायू शून्याखाली १९६ अंशांवर उकळतो, म्हणजे भांड्यातील तो द्रव तापमानाच्या त्या खोल तळाशीही अखंड उकळतच असतो. विद्यार्थ्याचा हात झटक्यात खाली जातो आणि क्रिया संपते. स्फटिक वाढवावयास कित्येक आठवडे लागलेले असतात. त्याचे भवितव्य ठरावयास सेकंदाचा अंशही पुरतो.

या एका झटक्यातही निसर्गाच्या दोन खोड्या दडलेल्या आहेत. पहिली खोडी प्रत्येक स्वयंपाकघरात दिसते. कडकडीत तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडले की थेंब लगेच न आटता नाचू लागतात. त्यांच्याखाली वाफेची गादी तयार होते आणि तव्याची उष्णता त्यांच्यापर्यंत पोचत नाही. द्रवरूप नत्रवायूच्या दृष्टीने खोलीतून आलेला स्फटिक हा असाच तापलेला तवा होय. त्याच्याभोवती वायूची गादी बनते आणि थंडी आत शिरण्यास उशीर होतो. म्हणून काही ठिकाणी द्रवरूप प्रोपेन किंवा इथेन वापरतात. हे द्रव गोठण्याच्या बिंदूच्या जवळ असताना उकळण्यापासून पुष्कळ दूर असतात, त्यामुळे गादी बनत नाही. मात्र ते ज्वालाग्राही असल्याने बहुतेक प्रयोगशाळा नत्रवायूवरच भिस्त ठेवतात.

दुसरी खोडी अधिक लपलेली होती. भांड्यातील द्रवाच्या वर थंड वायूचा एक थर तरंगत असतो. स्फटिक द्रवात पोचण्याआधीच त्या थरातून जाताना गोठू लागतो, आणि तोही संथपणे, म्हणजे बर्फाला हवी तेवढी सवड देऊन. २००६ साली अमेरिकेत वॉर्केंटिन, थॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा थर कोरड्या वायूच्या झोताने बाजूला सारला, तेव्हा लहान नमुन्यांच्या थंड होण्याचा वेग अनेक पटींनी वाढला आणि दाट द्रवाची गरज पुष्कळच कमी झाली. भांडे काठोकाठ भरणे आणि हात न घुटमळता खाली नेणे, या कुशल हातांच्या जुन्या सवयींना यामुळे शास्त्रीय आधार मिळाला.

क्रिया बिघडली तर तिची साक्ष क्ष-किरणांच्या पडद्यावर ताबडतोब उमटते. स्वच्छ ठिपक्यांच्या जागी बर्फाची वर्तुळे दिसू लागतात, किंवा रेणूंच्या रांगा किंचित विस्कटून ठिपके पसरट होतात. दुर्मिळ स्फटिकाच्या बाबतीत हा अपघात म्हणजे कित्येक महिन्यांच्या श्रमांवर पाणी पडणे होय. उलट, क्रिया साधली तर तो इवला स्फटिक नत्रवायूने थंड राखलेल्या पात्रात बसून दूरचा प्रवास करू शकतो. इंदूर येथील इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर प्रथिन-स्फटिकांसाठी खास किरणमार्ग आहे. परदेशांतील यंत्रांवरही भारतीय स्फटिक जात असतात.

येथवरची कथा विजयाची दिसते. परंतु खरा प्रश्न येथेच सुरू होतो. पाणी हे प्रथिनाच्या हालचालीतील भागीदार असेल आणि ते पाणीच जर एका क्षणात काच करून टाकले असेल, तर थंड स्फटिकात दिसते ते प्रथिनाचे नित्याचे रूप की थंडीने दचकलेले रूप? २०११ साली अमेरिकेतील संशोधकांनी तीस प्रथिनांची थंड आणि खोलीच्या तापमानातील रूपे ताडून पाहिली. एकतृतीयांशाहून अधिक बाजूच्या शाखांच्या ठेवणीत थंडीमुळे बदल झालेला आढळला. तेव्हा ही शंका केवळ तात्त्विक नव्हती.

बंगळूरच्या विभागाने या प्रश्नाला आपल्या रीतीने तोंड दिले होते. के. मुनियप्पा यांच्या सहकार्याने विजयन यांचा गट क्षयरोगाच्या जंतूंतील आणि त्या जंतूंच्या एका निरुपद्रवी नातलगातील रेक-ए या प्रथिनाचा अभ्यास करीत होता. जंतूंच्या आनुवंशिक धाग्याला इजा झाली की तो सांधण्याचे काम रेक-ए करते, आणि सांधण्याच्या धडपडीतून जंतूंना औषधांना दाद न देण्याची शक्तीही येऊ शकते. भारतासारख्या देशाला या प्रथिनाची नेमकी हालचाल कळणे हे अर्थातच जिव्हाळ्याचे होते.

२००८ साली या गटाने त्या नातलगाच्या रेक-ए प्रथिनाच्या आणि त्यातील एक घटक मुद्दाम बदललेल्या रूपांच्या १९ नव्या रचना प्रसिद्ध केल्या. बहुतेक थंडीत, तर काही खोलीच्या तापमानात घेतलेल्या होत्या. साखळीतील १९६ व्या जागी असलेला ग्लुटामीन हा घटक दाराच्या खटक्यासारखा काम करतो. इंधनरूप रेणू येऊन बसला की तो घटक त्याच्याकडे सरकतो. ही सरक दोन्ही तापमानांत दिसली. तो घटक बदलला की मात्र ती नाहीशी झाली. खटक्याची क्रिया ही थंडीची करामत नव्हती, हे सिद्ध झाले.

त्याच रचनांनी आणखीही एक गोष्ट सांगितली. प्रथिनाचा शेपटाकडचा भाग मुख्य भागाच्या संदर्भात थोडा पुढेमागे झुलतो. आधीच्या ११ रचनांतून त्याचा काही पल्ला माहीत होता. थंडीतील रचनांनी त्या पल्ल्याचे एक टोक दाखविले. म्हणजे थंडीने प्रथिनाला परके रूप दिले नव्हते. त्याला मुळातच शक्य असलेल्या रूपांपैकी कडेचे एक रूप तिने पकडून धरले होते. १९८५ साली आर्द्रता कमी करून जे साधले होते तेच आता तापमान उतरवून साधले. पाण्याला किंचित डिवचावे आणि प्रथिन कोठे वाकते ते पाहावे, हीच ती जुनी रीत होती. ज्या गोष्टीला दोष म्हणून हिणवता आले असते, तीच या गटाने मोजपट्टी म्हणून वापरली.

या विचारातील विवेक ध्यानात घेण्याजोगा आहे. थंडीचे एकच छायाचित्र प्रमाण मानले तर कडेचे रूप मधले म्हणून खपण्याची भीती असते. थंडी नाकारली तर किरणांच्या माऱ्यात नाजूक स्फटिक हातचे जातात. दोन्ही स्थिती घ्याव्यात, त्यांतील अंतर मोजावे आणि त्या अंतरालाच बोलते करावे, हा मध्यममार्ग बंगळूरच्या कामातून दिसतो. अलीकडे खोलीच्या तापमानात क्ष-किरण घेण्याकडे जगाचे लक्ष पुन्हा वळले आहे, त्यामागेही हीच जाणीव आहे.

विजयन २०२२ साली बंगळूरलाच निवर्तले. त्यांचे विद्यार्थी आणि विद्यार्थ्यांचे विद्यार्थी आज देशातील अनेक प्रयोगशाळांतून नत्रवायूच्या भांड्याशी उभे आहेत. हाताच्या एका झटक्यात स्फटिक खाली जातो, आतले पाणी बर्फ न होता काच होते आणि रेणू जेथे असतील तेथे थबकतात. त्यानंतर संशोधकाच्या वाट्याला सावकाशीचे काम येते: हा रेणू थबकण्यापूर्वी कोठे निघाला होता, याचा शोध घेण्याचे.